पर्जन्यनोंदींचे दूरवाचन : ‘शून्य’ आणि ‘नल’

२६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत चोवीस तासांत सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर, तर कुलाब्यास सुमारे ७४ मिलिमीटरच पाऊस नोंदला गेला. एकाच नगरीत इतका भेद संभवत असल्यामुळे उपनगरांतील पर्जन्यनोंदी स्थानवार वाचता येणे अगत्याचे ठरते.

अशा नोंदी ‘फायरबेस रिअलटाइम डेटाबेस’ या क्लाउडवरील संग्रहात साठविल्या आहेत, असे समजू. हा संग्रह म्हणजे जेसन-स्वरूपाचा एक वृक्षच होय. रॉय फील्डिंग यांनी २००० साली प्रबंधात मांडलेल्या ‘रेस्ट’ पद्धतीस अनुसरून त्याच्या प्रत्येक शाखेस स्वतंत्र पत्ता असतो. पत्त्याच्या अखेरीस ‘.जेसन’ हे पद जोडून ‘गेट’ विनंती धाडली, की वाचनाची अनुज्ञा असल्यास त्या शाखेखालील सर्व मजकूर हाती येतो. म्हणून मुळापाशी विचारणा न करता ती थेट ‘घाटकोपर’ शाखेकडे करावी.

मात्र ‘मुलुंड’ हे नाव लिहिताना चूक झाली, तर संग्रह दोष दाखवीत नाही. यशदर्शक २०० या संकेतांकासह ‘नल’ असे उत्तर देतो. ‘नल’ म्हणजे नोंद नाही. पाऊस पडला नाही, असा त्याचा अर्थ नव्हे. त्यास शून्य मानल्यास भरपावसातील उपनगर कागदोपत्री कोरडे ठरेल. यास्तव सरासरी काढण्यापूर्वी ही दोन्ही उत्तरे वेगळी करावीत.