मोटारीचे कूलंट : निगा आणि बदल

अनमोड किंवा चोर्ला घाटाच्या चढणीवर, भर वैशाखात, बॉनेट उघडून रस्त्याकडेला उभी राहिलेली मोटार हे दृश्य गोवा-बेळगाव मार्गावरील प्रवाशांस नवे नाही. इंजिन तापले की चालक पाण्याची बाटली घेऊन रेडिएटरचे झाकण उघडावयास धावतो आणि तेथेच अनर्थ ओढवतो. झाकणाखालील द्रव दाबाखाली असल्याने १०० अंश सेल्सिअसच्या वर तापूनही उकळत नाही. झाकण सैल होताच दाब उतरतो, द्रवाची तत्काळ वाफ होते व तिचा फवारा चेहऱ्यावर आणि हातांवर येतो. इंजिन बंद करून ते पूर्ण निवेपर्यंत थांबणे, एवढाच यावर उपाय आहे. घाईत असलेल्यास तो रुचत नाही, ही गोष्ट वेगळी.

कूलंट हे बर्फाळ मुलखासाठी, आपल्याकडे विहिरीचे पाणी पुरेसे, असा समज अद्याप आढळतो. तो चुकीचा आहे. कूलंटमधील एथिलीन ग्लायकॉल पाणी गोठू देत नाही, त्याचप्रमाणे त्याचा उत्कलनबिंदूही वाढविते. शिवाय त्यातील गंजरोधक द्रव्ये इंजिनातील लोखंड व ॲल्युमिनियम यांचे रक्षण करतात. विहिरीच्या पाण्यातील क्षार मात्र रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचून त्या बुजवितात.

ही गंजरोधक द्रव्ये कालांतराने निष्प्रभ होतात. द्रवाचा रंग मात्र तसाच राहू शकतो. जुन्या पद्धतीचे कूलंट साधारणतः दोन वर्षांनी, तर सेंद्रिय आम्लयुक्त कूलंट सुमारे पाच वर्षांनी बदलावे लागते. गाडीच्या माहितीपुस्तिकेतील मुदत व प्रकार हेच प्रमाण मानावे. रंगावरून प्रकार ठरवू नये आणि दोन प्रकार एकत्र करू नयेत. तयार मिश्रण नसल्यास कूलंट व ऊर्ध्वपातित पाणी सामान्यतः निम्मे-निम्मे घेतात. टाकीवरील किमान व कमाल रेषांमधील पातळी इंजिन थंड असताना पाहावी. ती वारंवार खाली जात असेल, तर कोठेतरी गळती आहे, असे समजून गाडी मेकॅनिकास दाखवावी.

काढलेले कूलंट गटारात अथवा परसात ओतण्याची सवय घातक आहे. ते चवीला गोड असते, त्यामुळे कुत्री, गुरे, प्रसंगी लहान मुलेही ते तोंडाला लावतात. हे विष मूत्रपिंडे निकामी करून प्राण घेऊ शकते. ते सरबताच्या रिकाम्या बाटलीत कधीही ठेवू नये. झाकणबंद, नाव लिहिलेल्या डब्यात भरून रीतसर विल्हेवाट लावणाऱ्या गॅरेजकडे द्यावे. कोणाच्या पोटात गेल्यास, लक्षणे दिसत नसली तरी, त्यास विनाविलंब रुग्णालयात न्यावे व डबा सोबत न्यावा.