वाँग फेई-हुंग: पडद्यावरची पंचेचाळीस वर्षे

कँटन शहरातील आपल्या ‘पो ची लाम’ या औषधालयात बसून मोडलेली हाडे सांधणारा, मुक्या मारावर लेप लावणारा आणि उरलेल्या वेळात शिष्यांकडून हुंग घराण्याच्या मुष्टियुद्धाची तालीम करून घेणारा वाँग फेई-हुंग हा १८४७ साली फोशानच्या मुलखात जन्मलेला वैद्य, पुढे एका शहराच्या संपूर्ण चित्रपटव्यवसायाचे भांडवल होईल, असे त्याच्या हयातीत कोणाच्या स्वप्नीही आले नसेल. १९२४ साली व्यापाऱ्यांच्या सशस्त्र दलांचा व सरकारी फौजेचा कँटनमध्ये जो संघर्ष उडाला, त्यात ते औषधालय जळून खाक झाले, आणि थोड्याच अवधीत वाँगही निवर्तला. दस्तऐवज थोडे आणि आख्यायिका अमाप, अशी त्याच्या चरित्राची अवस्था झाली. चरित्रकाराला ही अडचण वाटेल. चित्रपटकाराला मात्र ती इनामी जमिनीसारखी लाभली.

त्या जमिनीची पहिली नांगरट १९४९ साली हाँगकाँगमध्ये झाली. चीनमधील राज्यक्रांतीच्या धामधुमीत कँटनच्या मुलखातून निर्वासितांचे लोंढे त्या ब्रिटिश अंमलाखालील बंदरात येत होते, आणि सुटलेल्या गावाची भाषा बोलणारा एखादा वडीलधारा माणूस पडद्यावर तरी भेटावा, ही त्यांची भूक दिग्दर्शक वू पांग याने अचूक हेरली. कँटनी संगीत नाटकात नाव मिळवलेला क्वान ताक-हिंग हा नट वाँग फेई-हुंग झाला आणि पुढील दोन दशकांत सत्तरांहून अधिक चित्रपटांतून तो वाँगच राहिला. १९५६ या एकाच वर्षी असे २५ चित्रपट निघाले. हा वाँग गंभीर, मितभाषी, कन्फ्यूशियसच्या आचारधर्मात मुरलेला गृहस्थ. हात उगारण्यापूर्वी तो उपदेश करी, आणि उपदेश वाया गेला म्हणजेच मुठी आवळी. त्याला मार देण्याचे व त्याच्याकडून मार खाण्याचे काम बहुतेक वेळा शी किएन या खलनटाकडे असे. हे चित्रपट आज पाहताना कंटाळा येत नाही असे म्हणणे धाडसाचे होईल. पण एका विस्थापित समाजाने आपला कुलवृद्ध त्यांच्यात जतन करून ठेवला, हे त्यांचे ऋण नाकारता येत नाही.

याच चित्रपटांच्या मांडवात एक घराणे वावरत होते. वाँगचा पट्टशिष्य लाम साई-विंग, लामचा शिष्य लाउ चाम, आणि लाउ चामचा मुलगा लाउ कार-लेउंग, अशी ही गुरुपरंपरा. पडद्यावर वाँगच्या नावाने जे काही चालले होते, त्याविषयी अधिकारवाणीने बोलण्याची सनद जर कोणाजवळ असेल, तर ती या कार-लेउंगजवळ होती. उमेदवारीच्या काळात त्याने त्या जुन्या चित्रपटांत किरकोळ भूमिका केल्या, पुढे शॉ बंधूंच्या स्टुडिओत तो मारामाऱ्यांची रचना करणारा प्रमुख झाला, आणि १९७६ साली स्वतः दिग्दर्शक या नात्याने त्याने प्रथमच वाँगला तरुण केले. ‘चॅलेंज ऑफ द मास्टर्स’ या त्या चित्रपटातील वाँग अननुभवी व उतावळा आहे खरा, पण त्याच्या तालमीकडे, त्याच्या गुरूकडे आणि अखेरीस शत्रूला क्षमा करण्याच्या त्याच्या वृत्तीकडे दिग्दर्शक ज्या आदराने पाहतो, तो आदर केवळ वारसदारालाच साधणारा आहे.

दोनच वर्षांनी, १९७८ साली, युएन वू-पिंगने ‘ड्रंकन मास्टर’ काढला आणि त्या आदराला चक्क सुट्टी दिली. येथला वाँग म्हणजे तालमीला दांडी मारणारा, वाटेल त्याची कळ काढणारा, बापाच्या अब्रूचे खोबरे करणारा वांड पोर. त्याची खोड मोडण्यासाठी बाप त्याला सो नावाच्या दारुड्या भिकाऱ्याच्या हवाली करतो. तो भिकारी त्याला चिनी पुराणातल्या आठ अमर सिद्धांच्या झिंगलेल्या चालींवर रचलेली युद्धविद्या शिकवतो, आणि त्या आठांपैकी हो नावाच्या सिद्ध स्त्रीची चाल बायकी म्हणून पठ्ठ्या शिकतच नाही, त्याची फजिती ऐन निकराच्या क्षणी होते. ही भूमिका करणारा जॅकी चॅन पेकिंग ऑपेराच्या कठोर शाळेत वाढलेला होता. कोलांटी, मुद्राभिनय आणि वेळ साधणे ही त्याची मुळाक्षरे होती, कोणा एका घराण्याची मुष्टिविद्या नव्हे. भिकारी सो झालेला युएन सिउ-तिएन हा दिग्दर्शकाचा बाप. चित्रपटाला उदंड यश लाभले आणि १९७९ च्या प्रारंभीच युएन सिउ-तिएन वारला. खरा वाँग मद्यधुंद मुष्टियुद्धासाठी प्रसिद्ध नव्हता, ही गोष्ट त्या यशाच्या गदारोळात कोणी विचारातही घेतली नाही.

मधल्या वर्षांचा वृत्तांत थोडक्यात उरकता येईल. चॅन मोठा झाला, घड्याळाच्या मनोऱ्यांवरून उड्या टाकू लागला, आणि वाँगला विसरला. १९९१ साली त्सुई हार्कने जेट लीला घेऊन ‘वन्स अपॉन अ टाइम इन चायना’ काढला. हाँगकाँग १९९७ साली चीनच्या ताब्यात जाणार, या चिंतेत असलेल्या प्रेक्षकांपुढे त्याने परकीय सत्तांच्या कात्रीत सापडलेला, देखणा आणि पुन्हा एकदा गंभीर वाँग उभा केला. वाँगचा बाजार नव्याने तेजीत आला तो तेव्हापासून.

या पार्श्वभूमीवर, फेब्रुवारी १९९४ मध्ये, चिनी नववर्षाच्या मुहूर्तावर ‘ड्रंकन मास्टर’चा दुसरा भाग आला. त्याला उत्तरार्ध म्हणावे तरी कसे? भिकारी सो त्यात नाही, जुनी कथा पुढे जात नाही, आणि चाळिशीला टेकलेला चॅन अजूनही बापाला भिणारे पोरच आहे. बाप झालेला ती लुंग त्याच्याहून केवळ आठ वर्षांनी वडील, तर सावत्र आई झालेली अनिता मुई त्याच्याहून नऊ वर्षांनी लहान. परंतु या हिशेबाची आठवण चित्रपट पाहताना होत नाही, आणि त्याचे बरेचसे श्रेय मुईचे आहे. नवऱ्यासमोर सोज्ज्वळ, त्याची पाठ वळताच माजाँगचा डाव मांडणारी, आणि भर रस्त्यात मुलाने मारामारी करावी म्हणून स्वतः त्याच्याकडे दारूच्या बाटल्या फेकणारी ही आई विनोदाच्या बाबतीत चॅनला अनेक प्रसंगी मागे टाकते.

कथानक साधे आहे. आगगाडीत जिनसेंगची पेटी बदलते आणि वाँगच्या हाती चीनची बादशाही राजमुद्रा लागते. ब्रिटिश वकिलातीतील मंडळी असल्या प्राचीन वस्तू चोरून देशाबाहेर पाठवत आहेत, आणि पोलादाच्या कारखान्यात मजुरांची पिळवणूक चाललेली आहे. खरा मामला मात्र पडद्यामागे होता. दिग्दर्शक होता लाउ कार-लेउंग, म्हणजे त्याच गुरुपरंपरेचा वारसदार. आणि नायक तो, ज्याने त्या परंपरेच्या मूळ पुरुषाला दारुडा करून सोडले होते. एकाला घराण्याची चाल शुद्ध हवी होती, दुसऱ्याला प्रेक्षकाचा श्वास रोखून धरायचा होता. अखेर मतभेद विकोपाला गेले, लाउ बाजूला झाला, आणि कारखान्यातील शेवटचे युद्ध चॅनने आपल्या माणसांना घेऊन चित्रित केले.

या भांडणाचा सांधा चित्रपटात स्पष्ट दिसतो, आणि माझ्या मते तोच त्याचा सर्वांत मोलाचा भाग आहे. चहाघरातला प्रसंग पाहा. कुऱ्हाडी घेतलेल्या गुंडांची झुंडच्या झुंड जिन्यावरून चढून येते, आणि वर दोघेच: चॅन, व मांचू योद्ध्याच्या भूमिकेतील साठीच्या घरातला लाउ. हाताशी लागेल ते बाक, मेजे, कठडे शस्त्र होतात. चॅनच्या हातातला बांबू चिरफाळत जाऊन त्याचा खराटा बनतो, आणि त्या खराट्यानेच तो समोरच्यांना झोडपून काढतो. येथे लाउचे उभे राहणे, पाय रोवणे, कमरेतून जोर काढणे जुन्या हुंग तालमीतले आहे, आणि त्याच्या शेजारी चॅनची धांदल सर्वस्वी रंगभूमीवरची आहे. दोन्ही रीती एकाच चौकटीत एकमेकींना सांभाळून घेतात. हे सख्य दोघांनाही पुढे टिकवता आले नाही, एवढेच दुर्दैव.

कारखान्यातला शेवट निराळ्या जातीचा आहे. केन लो, जो प्रत्यक्षात चॅनचा अंगरक्षक होता, एका पायावर उभा राहून दुसऱ्या पायाने लाथांचा असा काही वर्षाव करतो की मोजता मोजता भान हरपते. चॅन धगधगत्या निखाऱ्यांवर पडतो आणि त्यांच्यावरूनच उलटा सरपटत बाहेर येतो. आणि निरुपाय होऊन कारखान्यातील विषारी मद्यार्क पितो तेव्हा त्याचा चेहरा लालभडक होतो, तोंडातून बुडबुडे निघू लागतात. १९७८ च्या चित्रपटात दारूची किंमत मोजावी लागत नव्हती. ‘एकच प्याला’तील सुधाकराची परवड पाहून घरी परतणाऱ्या मराठी प्रेक्षकाला ती बेफिकिरी खटकली असती. दुसऱ्या भागात बाप पहिल्यापासून बजावतो, दारूच्या नशेत मुलाची भर चौकात विटंबना होते, आणि हाँगकाँगच्या मूळ प्रतीत शेवटी त्या विषाने वाँगची बुद्धी भ्रष्ट झालेली दाखवली आहे.

हा शेवटचा प्रसंग अभिरुचिसंपन्न आहे, असा दावा कोणी करणार नाही. व्याधिग्रस्ताची थट्टा त्यात उघड आहे. म्हणूनच की काय, २००० साली अमेरिकेत हा चित्रपट ‘द लेजंड ऑफ ड्रंकन मास्टर’ या नावाने, इंग्रजी संवाद व नवे संगीत चढवून प्रदर्शित झाला, तेव्हा तो प्रसंग कापून टाकण्यात आला. परिणामी परदेशच्या प्रेक्षकाला विजय मिळाला आणि त्याची किंमत मिळाली नाही. पाच वर्षांनी ‘टाइम’ साप्ताहिकाच्या समीक्षकांनी सर्वकालीन शंभर चित्रपटांच्या यादीत या चित्रपटाला स्थान दिले. लाउने त्याच १९९४ साली रागारागाने म्हणा वा हट्टाने, चॅनला वगळून तिसरा भाग काढला. तो कोणाच्या स्मरणात राहिला नाही. अनिता मुई २००३ च्या डिसेंबरात, अवघ्या चाळिसाव्या वर्षी गेली. लाउ २०१३ मध्ये.

वाचकाने हा चित्रपट पाहायचा झाल्यास मूळ कँटनी संवादांची, शेवट न कापलेली प्रतच मिळवावी. इंग्रजी प्रतीत हाणामारी तेवढी शाबूत आहे. अनिता मुईची बोली आणि बापलेकांतला तंटा निम्म्याहून अधिक हरवला आहे.