बंदुकीचा ‘बोअर’ : नळीचा व्यास व गोळीचे वजन यांचा परस्परसंबंध

प्रस्तावना :

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १३ मध्ये संरक्षण वा खेळासाठी किमान २० इंच लांबीच्या, आतून गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा आणि पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे. ग्रामीण महाराष्ट्रात या गुळगुळीत नळीच्या बंदुकीची ओळख ‘बारा बोअर’ अशी आहे. परवान्यात, पंचनाम्यात व काडतुसाच्या खोक्यावर हाच शब्द आढळतो. मात्र बारा हा आकडा नेमके काय मोजतो, याविषयी परवानाधारकांमध्येही संभ्रम दिसतो. प्रस्तुत लेखात या संज्ञेचे गणिती व व्यावहारिक विवेचन केले आहे.

संज्ञेचा अर्थ :

नळीत नेमका बसेल असा शुद्ध शिशाचा गोल गोळा घेतल्यास एका पौंडात (४५३.६ ग्रॅम) असे जितके गोळे बसतील, तितका त्या नळीचा बोअर होय. म्हणजे १२ बोअरचा गोळा एका पौंडाचा बारावा हिस्सा असतो. सातारा जिल्ह्यातील लोणंद ही कांद्याची प्रसिद्ध बाजारपेठ आहे. तेथील व्यवहाराचे उदाहरण घेतल्यास ही कल्पना सहज स्पष्ट होते. किलोत १२ कांदे बसले तर कांदा मोठा, २८ बसले तर लहान. बोअरचेही तसेच आहे. आकडा वाढतो तशी नळी अरुंद होत जाते. तोफांच्या बाबतीत मात्र ‘सहा पौंडी’, ‘नऊ पौंडी’ अशी प्रत्यक्ष गोळ्याच्या वजनावरून नावे पडल्याने तेथे मोठा आकडा मोठी तोफ दर्शवितो.

गणिती संबंध :

शिशाची घनता ११.३४ ग्रॅम प्रति घनसेंमी. धरल्यास एक पौंडाच्या गोळ्याचा व्यास सुमारे ४२.४ मिमी. येतो. गोलाचे घनफळ व्यासाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. म्हणून ४२.४ ला बोअरच्या आकड्याच्या घनमुळाने भागले असता नळीचा व्यास मिळतो.

तक्ता क्र. १
१० बोअर : गोळा ४५.४ ग्रॅम, व्यास १९.७ मिमी.
१२ बोअर : गोळा ३७.८ ग्रॅम, व्यास १८.५ मिमी.
१६ बोअर : गोळा २८.३ ग्रॅम, व्यास १६.८ मिमी.
२० बोअर : गोळा २२.७ ग्रॅम, व्यास १५.६ मिमी.
२८ बोअर : गोळा १६.२ ग्रॅम, व्यास १४.० मिमी.

१२ वरून २० बोअरकडे जाताना गोळ्याचे वजन ४० टक्क्यांनी घटते, परंतु व्यास सुमारे १६ टक्क्यांनीच कमी होतो. हा घनमुळाचा परिणाम होय.

प्रत्यक्ष काडतुसातील वजन :

वरील वजन केवळ मापनासाठी आहे. काडतुसात सहसा एक गोळा नसून अनेक छरे असतात. त्यांचे एकूण वजन काडतुसाची लांबी, दारूचे प्रमाण व बंदुकीचे वजन यांवर ठरते. १२ बोअरमध्ये साधारण २८ ते ३६ ग्रॅम छरे भरतात; ऑलिम्पिक स्पर्धांत ही मर्यादा २४ ग्रॅम आहे. उलट २८ बोअरमध्ये सुमारे २१ ग्रॅम, म्हणजे मापाच्या गोळ्यापेक्षाही अधिक छरे भरले जातात. सारांश, बोअरवरून व्यास निश्चित कळतो, पण छऱ्यांचे वजन कळत नाही.

संभ्रमाची कारणे व परिणाम :

भारतात ‘बोअर’ हा शब्द दोन अर्थांनी रूढ आहे. ‘बत्तीस बोअर’ रिव्हॉल्व्हरमधील आकडा मुळात .३२ इंच, म्हणजे सुमारे ८ मिमी. आहे, तो गोळ्यांची संख्या नव्हे. .४१० ही बंदूकही इंचांतच ओळखली जाते. तिचा बोअर काढल्यास तो सुमारे ६८ येईल. लेखी नोंदीत दशांश चिन्ह गळाल्यास अर्थच बदलतो.

याहून गंभीर बाब सुरक्षिततेची आहे. २० बोअरचे काडतूस १२ बोअरच्या बंदुकीत चुकून घातले गेल्यास ते घसरून नळीत पुढे अडकते. मागे जागा रिकामी दिसल्याने १२ बोअरचे काडतूस भरून बार काढला, तर नळी फुटून चालविणाऱ्याचा हात किंवा डोळा जाऊ शकतो. म्हणूनच २० बोअरचे काडतूस पिवळ्या रंगाचे ठेवण्याचा प्रघात आहे. काडतुसाची लांबीही पाहणे आवश्यक असते. ६५ मिमी. काडतुसासाठी बनविलेल्या जुन्या बंदुकीत ७० मिमी.चे काडतूस वापरल्यास दाब धोकादायकरीत्या वाढतो. ही लांबी काडतूस उडाल्यानंतरची असल्याने, न उडालेले लांब काडतूस जुन्या बंदुकीत सहज बसते आणि चूक लक्षात येत नाही.

न्यायवैद्यक तपासातही बोअरचे महत्त्व आहे. गुळगुळीत नळीत आटे नसल्याने छऱ्यांवरून विशिष्ट बंदूक ओळखता येत नाही. तथापि घटनास्थळी सापडलेल्या वॅडच्या व्यासावरून बोअरचा अंदाज बांधता येतो.

निष्कर्ष :

१८६९ मध्ये स्थापन झालेला खडकीचा दारूगोळा कारखाना ऑक्टोबर २०२१ पासून पुणे येथे मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आहे. बोअरचे माप मात्र आजही पौंडावरच आधारलेले आहे. म्हणून परवानाधारकाने केवळ ‘बारा बोअर’ या नावावर विसंबू नये. नळीवर कोरलेला बोअर व कक्षेची लांबी काडतुसावरील आकड्यांशी ताडून पाहावी. अभिलेखातही बोअर व इंच यांची नोंद स्पष्टपणे वेगळी ठेवणे श्रेयस्कर ठरेल.