वजा चिन्हावर विश्वास ठेवणारा माणूस

ज्या माणसाला कवितेचं प्रयोजन कधी कळलं नाही, त्याच्याबद्दल आज एका कवीनं बोलायचं आहे. १९२७ साली जर्मनीतल्या गॉटिंगेन शहरात पॉल डिरॅक आणि रॉबर्ट ओपनहायमर हे दोन तरुण भौतिकशास्त्रज्ञ एकाच घरात राहत होते. ओपनहायमर कविताही लिहितात, याचं डिरॅक यांना मोठं नवल वाटलं. ते म्हणाले असं सांगतात की, विज्ञानात आपण आजवर कुणालाच ठाऊक नसलेली गोष्ट सर्वांना कळेल अशा शब्दांत सांगतो. कवितेत नेमकं याच्या उलट चालतं! हा टोला आम्ही कवींनी हसून सोसावा असाच आहे. पण डिरॅक यांचं काम समजून घेताना वाटतं, की हा माणूस आमच्या वाटेपासून फार लांब नव्हता.

डिरॅक यांचा जन्म ८ ऑगस्ट १९०२ रोजी इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात झाला. वडील मूळचे स्वित्झर्लंडचे, फ्रेंचचे शिक्षक आणि कडक शिस्तीचे. जेवताना त्यांच्याशी फ्रेंचमध्येच बोलायचं, असा दंडक होता. मनातलं फ्रेंचमध्ये नीट सांगता येत नाही, त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं, असं मुलानं ठरवलं. ही हकिगत पुढे डिरॅक यांनीच सांगितली. हे मौन जन्मभर टिकलं. केंब्रिजमधल्या सहकाऱ्यांनी गमतीनं एक मापच ठरवलं होतं: तासाला एक शब्द म्हणजे एक ‘डिरॅक’!

ते आधी विद्युत अभियंता झाले. पण १९२१ साली पदवी हाती आली तेव्हा इंग्लंडमध्ये मंदी होती आणि नोकरी मिळेना. म्हणून ते गणित शिकले आणि १९२३ मध्ये केंब्रिजला गेले. १९२५ साली हायझेनबर्ग यांनी अणूविषयी नवा सिद्धांत मांडला. त्यात एक विचित्र गोष्ट होती. आपल्या हिशेबात तीन गुणिले चार आणि चार गुणिले तीन हे सारखंच. इथं मात्र गुणाकाराचा क्रम बदलला की उत्तर बदलत होतं. स्वयंपाकघरात डोकावलं तर यात नवल वाटू नये. तेलात मोहरी तडतडल्यावर पाणी ओतणं आणि आधी पाणी ओतून मग मोहरी टाकणं, या दोन्हींतून एकच आमटी होत नाही.

ऑक्टोबर १९२५ मधल्या एका रविवारी फिरायला गेले असताना डिरॅक यांच्या मनात आलं, की असाच प्रकार जुन्या यामिकीत ‘प्वासाँ कंस’ या नावानं आपण कुठंतरी वाचला आहे. पण नेमका आठवेना, आणि रविवार असल्यानं ग्रंथालयं बंद. रात्र तळमळत काढून सकाळी दार उघडताच ते आत गेले. अंदाज बरोबर होता. जुन्या आणि नव्या भौतिकशास्त्राला जोडणारा पूल सापडला होता. तेव्हा त्यांचं वय होतं तेवीस.

त्यांची खरी कमाई १९२८ सालची. क्वांटम सिद्धांत आणि आइन्स्टाइन यांचा सापेक्षता सिद्धांत या दोघांनाही मान्य होईल असं इलेक्ट्रॉनचं समीकरण कुणाला मांडता येत नव्हतं. डिरॅक यांनी ते मांडलं. त्यासाठी कोणतीही नवी मापं त्यांनी घेतली नव्हती. गणिताची मांडणी कशी असली तर ती सुडौल होईल, एवढाच शोध त्यांनी घेतला. आणि आश्चर्य असं, की इलेक्ट्रॉनला अंगचीच एक फिरकी असते, ही प्रयोगातून दिसलेली आणि तोवर वरून ठिगळासारखी जोडावी लागणारी गोष्ट या समीकरणातून आपोआप बाहेर आली.

पण त्यातून एक नको असलेला पाहुणाही आला. चौरस खोलीचं क्षेत्रफळ २५ चौरस मीटर असेल तर तिची बाजू ५ मीटर. गणित मात्र म्हणतं, वजा पाचचा वर्गही पंचवीसच. ‘वजा पाच मीटरची खोली नसते’ असं म्हणून आपण ते उत्तर खोडतो. डिरॅक यांच्या समीकरणातही इलेक्ट्रॉनची ऊर्जा अधिक आणि वजा अशी दोन्ही येत होती. मात्र क्वांटमच्या जगात कण एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर उडी मारू शकतो. त्यामुळे वजाचं दार बंद करण्याची सोय नव्हती.

गझल लिहिणाऱ्याला हा पेच ओळखीचा असतो. काफिया इमानानं सांभाळला की कधीकधी तो आपण योजलेल्या अर्थाच्या पलीकडे नेतो. मग शेर खोडायचा की त्या अर्थामागे जायचं, हे ठरवावं लागतं. डिरॅक मागे गेले.

त्यांनी कल्पना केली, की वजा ऊर्जेच्या सर्व जागा आधीच भरलेल्या आहेत. हाउसफुल्ल नाट्यगृहात एकच प्रेक्षक उठून गेला, तर आपल्याला दिसते ती रिकामी खुर्ची. तशी ही रिकामी जागा धनभार असलेल्या कणासारखी वागेल. हा कण प्रोटॉन असावा असं त्यांना आधी वाटलं. पण प्रोटॉन इलेक्ट्रॉनपेक्षा सुमारे १८३६ पट जड, आणि गणित सांगत होतं की दोन्हींचं वस्तुमान सारखंच हवं. अखेर १९३१ मध्ये त्यांनी लिहिलं, की हा कुणीही न पाहिलेला नवा कण आहे, इलेक्ट्रॉनचा प्रतिकण. पुढच्याच वर्षी अमेरिकेत कार्ल अँडरसन यांना विश्वकिरणांच्या छायाचित्रात त्याची वाट उमटलेली दिसली. त्याचं नाव पॉझिट्रॉन. १९३३ चं नोबेल पारितोषिक डिरॅक आणि श्रोडिंजर यांना विभागून मिळालं. प्रसिद्धीच्या भीतीनं डिरॅक ते नाकारणार होते. नाकारलंत तर प्रसिद्धी अधिक होईल, असं रदरफर्ड यांनी समजावल्यावर त्यांनी ते घेतलं.

त्या वजा चिन्हाचा आपल्याशी काय संबंध? कर्करोगाच्या रुग्णाचं ‘पेट स्कॅन’ करतात, त्यातला ‘प’ पॉझिट्रॉनचा. रुग्णाला किरणोत्सारी अणू जोडलेली साखर टोचतात. गाठीच्या पेशी ती अधिक प्रमाणात ओढून घेतात. तिथं निघालेला पॉझिट्रॉन शेजारच्या इलेक्ट्रॉनला भेटतो, दोघंही नाहीसे होतात आणि दोन गॅमा किरण विरुद्ध दिशांना निघतात. त्यांच्या रेषेवरून गाठीची जागा कळते. भारतात ही सोय प्रथम २००२ साली मुंबईत परळला सुरू झाली.

मुंबईशी त्यांचं नातं आणखीही आहे. होमी भाभा केंब्रिजला अभियांत्रिकी शिकायला गेले आणि तिथं त्यांना डिरॅक यांच्या गणिताची ओढ लागली. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांची टक्कर कशी होते, याचं भाभांनी केलेलं गणित आज त्यांच्याच नावानं ओळखलं जातं. १९५४-५५ च्या हिवाळ्यात डिरॅक मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत व्याख्यानं द्यायला आले होते. सत्येंद्रनाथ बोस यांच्यावरून ‘बोसॉन’ हा शब्द घडवणारेही तेच.

मग सौंदर्याच्या मागे गेलं की सत्य सापडतंच का? तसं नाही, आणि डिरॅक यांचं उत्तरायुष्य हेच सांगतं. १९४० च्या दशकाच्या अखेरीस फाइनमन, श्विंगर आणि तोमोनागा यांनी इलेक्ट्रॉन आणि प्रकाश यांचा सिद्धांत सुधारला. त्यात अनंत येणाऱ्या राशी एका युक्तीनं बाजूला काढल्या जातात. प्रयोगाशी हा सिद्धांत दहाहून अधिक अंकांपर्यंत जुळतो. डिरॅक यांनी तो अखेरपर्यंत स्वीकारला नाही. रास फार लहान असेल तर सोडावी, ती अनंत आहे आणि नकोशी आहे म्हणून सोडू नये, असं त्यांचं म्हणणं. वजा चिन्ह खोडायला नकार देणारा माणूस अनंत खोडायलाही तयार नव्हता. स्वभाव तोच, निष्ठा तीच. एकदा निसर्गानं त्यांची बाजू घेतली. दुसऱ्यांदा प्रयोगाचे आकडे समोरच्यांच्या बाजूनं गेले. एकच चुंबकीय ध्रुव असलेला कणही त्यांनी १९३१ मध्ये सुचवला होता. तो आजवर सापडलेला नाही.

शेवटची वर्षं त्यांनी अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात शिकवत काढली. तिथंच २० ऑक्टोबर १९८४ रोजी ते गेले. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये १९९५ साली त्यांच्या स्मरणार्थ शिळा बसवली गेली. तिच्यावर त्यांचं समीकरण कोरलं आहे. मोजक्या चिन्हांची एकच ओळ. कवितेवर विश्वास नसलेल्या या माणसानं लिहिलेली ती ओळ अनेकांना अनेक अर्थ देत राहिली आहे. आपण लिहिलेली ओळ आपल्याहून अधिक जाणते, हे आम्हा कवींचं जुनं म्हणणं. डिरॅक यांनी ते वजा चिन्हाच्या बाबतीत खरं करून दाखवलं. मात्र कोणती ओळ खरी, हे शेवटी निसर्गच ठरवतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)