पोटगीची वसुली (भाग ७) : विम्याचा पैसा हातात पडण्याआधी

ऊसबिलाची स्लिप ज्यांनी नीट पाहिली आहे, त्यांना आजचा विषय जड जाणार नाही. वर टनेज आणि दर, मध्ये कपातींचे रकाने, तळाला खात्यावर जमा होणारी रक्कम. त्या कपातींत विकास सोसायटीचं पीककर्ज असतं. सोसायटी वसुलीसाठी कर्जदाराच्या दारात ठाण मांडून बसत नाही. पैसा जिथून निघतो तिथंच ती आपली बाकी वळती करून घेते. कोल्हार भगवतीपूरच्या शेजारी, प्रवरानगरला १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने सहकारी कारखाना उभा राहिला. तेव्हापासून या पट्ट्यात ही पद्धत घराघरांत माहीत आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्ये शेतमालाच्या किमतीतून अशी कपात करण्याची तरतूदही आहे.

याच पट्ट्यातल्या लेकराची पोटगी मात्र कुठल्याच रकान्यात कापली जात नाही. आई राहात्याला तारखेला जाते, समोरचा येत नाही. वॉरंट निघतं, तो गावात सापडत नाही. थकबाकीचा आकडा दर महिन्याला वाढत राहतो.

मागच्या भागात आपण पगाराची जप्ती पाहिली. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे पोटगीच्या हुकूमनाम्यापुढे पगाराचा फक्त एक तृतीयांश भाग सुरक्षित राहतो, हे आपल्या लक्षात असेल. पण कोल्हारसारख्या गावात किती बाप पगारदार असतात? कुणाचा टेम्पो आहे, कुणाचं हायवेला हॉटेल, कुणाची चार एकर बागायत. अशा माणसाकडे मोठी रक्कम क्वचित येते आणि एकदम येते. तिच्यातला एक प्रकार म्हणजे विम्याचा पैसा, आणि त्यातही अपघाताच्या भरपाईचा.

नगर-मनमाड रस्ता कोल्हारमधून जातो. शिर्डीची वाहतूक, हंगामात उसाच्या ट्रॉल्या, त्यात रस्त्याची दशा. इथल्या माणसाला अपघाताचा दावा म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. जखमी माणूस मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १६६ खाली न्यायाधिकरणाकडे अर्ज करतो. काही वर्षांनी निवाडा होतो, किंवा लोकअदालतीत विमा कंपनीशी तडजोड होते. मग कंपनी काही लाख रुपये देते. या सगळ्या प्रवासात या माणसाकडे पोटगीची बाकी आहे का, हे त्याला कुणीही विचारत नाही. कंपनी विचारत नाही, न्यायाधिकरण विचारत नाही, त्याचा वकील तर नाहीच नाही. दोन कोर्टांच्या इमारती एका आवारात असल्या तरी दोन फायलींची गाठ पडत नाही.

अमेरिकेत ही गाठ कायद्यानेच घालून दिली आहे. तिथं मुलांच्या पोटगीची वसुली हे सरकारी खात्याचं काम आहे. १९७५ च्या संघीय कायद्याने त्याची व्यवस्था लागली, आणि २००५ च्या कायद्याने थकबाकीदारांची यादी विमा दाव्यांशी ताडून पाहण्याची मुभा केंद्रीय यंत्रणेला मिळाली. मॅसॅच्युसेट्स राज्यात ५०० डॉलर किंवा त्याहून मोठी एकरकमी रक्कम देण्याआधी विमा कंपनीला वसुली खात्याकडे चौकशी करावी लागते. न्यू जर्सीत वकिलाची फी, दवाखान्याचं बिल आणि कोर्टखर्च वजा करून जी निव्वळ रक्कम उरते, तिच्यावर मुलाच्या पोटगीचा बोजा चढतो. आई कुठं राहते, तिला दाव्याची खबर आहे की नाही, यावर काही अडत नाही.

आपल्याकडे असं खातं नाही आणि अशी यादीही नाही. पण पैसा वाटेत अडवण्याचा अधिकार आपल्या कायद्यात आहे. तो वापरला जात नाही, कारण अनेकींना तो माहीतच नसतो. आजचा हा भाग त्यासाठीच लिहिला आहे.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ मधलं कलम २०, उपकलम ६ काढून पाहा. न्यायदंडाधिकाऱ्यांनी या कायद्याखाली आर्थिक मदतीचा आदेश दिला आणि नवऱ्याने पैसे भरले नाहीत, तर न्यायालय त्याच्या मालकाला, म्हणजे तो जिथं नोकरी करतो त्या आस्थापनेला, थेट त्या स्त्रीला पैसे देण्याचा किंवा कोर्टात भरण्याचा आदेश देऊ शकतं. एवढं बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पुढचा शब्द मात्र नजरेतून सुटतो. मालकाबरोबरच त्या माणसाचं जो कुणी देणं लागतो, त्यालाही असा आदेश देता येतो. उसाचं बिल द्यायचं राहिलेला कारखाना त्याचा देणेकरी आहे. दुधाचं पेमेंट काढणारी डेअरी त्याची देणेकरी आहे. आणि दावा मंजूर झाल्यावर, पैसे देईपर्यंत, विमा कंपनीही त्याची देणेकरीच आहे. माझ्या मते आपल्या कायद्यातलं अमेरिकी पद्धतीच्या सर्वांत जवळ जाणारं हत्यार हेच आहे. याच कलमाखालची मदत त्या स्त्रीबरोबर तिच्या मुलांच्या पोटगीसाठीही असते. अर्ज ती स्वतः राहते तिथल्या न्यायालयात करता येतो, म्हणजे कोल्हारला माहेरी आलेल्या मुलीला राहात्याला. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ चा, म्हणजे आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ चा आदेश हातात असला, तरी या कायद्याचं दार बंद होत नाही.

दुसरी वाट दिवाणी दरखास्तीची. ४ नोव्हेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात निकाल दिला. खटला आपल्या नागपूरचा. तिथल्या कुटुंब न्यायालयाने २०१५ मध्ये पत्नीला महिना १५,००० आणि लहान मुलासाठी आधी ५,००० व पुढे १०,००० रुपये अंतरिम पोटगी ठरवली होती. तिच्या वसुलीसाठी त्या माऊलीला दिल्लीपर्यंत झगडावं लागलं. त्या निकालाने सांगितलं की पोटगीचा आदेश दिवाणी हुकूमनाम्यासारखा अंमलात आणता येतो. म्हणजे जप्तीची सगळी साधनं खुली होतात.

त्यातली दोन आपल्या कामाची आहेत. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१ मधल्या नियम ४६-अ प्रमाणे ऋणकोचं देणं लागणाऱ्या त्रयस्थाला नोटीस काढता येते, की पैसे त्याला न देता कोर्टात भरा. नियम ५२ पैसा एखाद्या न्यायालयाच्या ताब्यात असेल तेव्हाचा आहे. अशा वेळी त्या न्यायालयाला पत्र जातं, की पुढील आदेशापर्यंत ही रक्कम वाटू नये. कंपनीने भरपाई न्यायाधिकरणात जमा केली असेल, तर नियम ५२ चा अर्ज. अजून कंपनीकडेच असेल, तर ४६-अ. हा फरक आता अधिक महत्त्वाचा झाला आहे. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परमिंदर सिंग खटल्यात सांगितलं, की भरपाई न्यायाधिकरणात अडकवून न ठेवता अर्जदाराच्या बँक खात्यात थेट वर्ग करावी. अपघातग्रस्तांसाठी हे चांगलंच झालं. पण पोटगीसाठी थांबलेल्या आईला आता न्यायाधिकरणाच्या खिडकीवर पैसा गाठता येईलच असं नाही. कंपनीच्या दारातच नोटीस पोचली पाहिजे.

सगळाच विमा मात्र या जाळ्यात येत नाही. बापाच्या आयुर्विम्याची पॉलिसी मुदतीला आली आणि तिचे पैसे निघाले, तर दिवाणी दरखास्तीत ते जप्त करता येत नाहीत. कलम ६० ने ती रक्कम वगळली आहे. भविष्यनिर्वाह निधीलाही संरक्षण आहे. आयुर्विम्याची ही सूट १९७६ च्या दुरुस्तीत आली. सावकाराने विधवेच्या तोंडचा घास ओढू नये हा तिच्यामागचा विचार योग्यच. पण पॉलिसीधारक स्वतः जिवंत आहे, पैसे स्वतःच उचलतो आहे आणि त्याचं मूल उपाशी आहे, अशा वेळी हीच ढाल मुलाविरुद्ध उभी राहते. पगाराच्या बाबतीत कायद्याने इतर कर्जं आणि पोटगी यांत फरक केला. आयुर्विम्यात तो केला नाही. ही दुरुस्ती व्हायला हवी, असं मी ठामपणे म्हणतो.

काही वाचक विचारतील, की पाय मोडून पडलेल्या माणसाच्या भरपाईला हात घालायचा का? प्रश्न रास्त आहे. निवाडा उघडून पाहिला तर रक्कम वेगवेगळ्या शीर्षकांखाली दिलेली दिसते. औषधोपचाराचा खर्च, वेदना आणि यातना, आणि बुडालेलं किंवा पुढे बुडणारं उत्पन्न. औषधाच्या पैशाला कुणी हात लावू नये. पण उत्पन्नाच्या नुकसानीची रक्कम म्हणजे त्याची पुढच्या वर्षांची कमाईच, एकदम हाती आलेली. त्या कमाईवर मुलाचा हक्क आधीपासून होता. कलम २०(६) मध्ये न्यायालयाने देण्यातला काही भाग वळवावा असंच म्हटलं आहे. किती, हे न्यायाधीश ठरवतील. अर्जातच आपण औषधोपचाराची रक्कम सोडून मागणी केली, तर ती मान्य होणं सोपं जातं.

आता दोन खबरदाऱ्या. कलम १४४ खालच्या थकबाकीसाठी वॉरंट हवं असेल, तर रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. अपघाताचा दावा तीन-चार वर्षं चालला आणि तुम्ही त्याच्या निकालाची वाट पाहत बसलात, तर जुनी बाकी त्या वाटेने हातची जाईल. दरवर्षी वसुलीचा अर्ज टाकत राहा. दुसरी गोष्ट, नवऱ्याने महिनाभर कैद भोगली म्हणून बाकी फिटत नाही. कुलदीप कौर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं आहे. कैद हा वसुलीसाठीचा दबाव आहे. पैसे भरल्याशिवाय देणं संपत नाही.

दावा चालू आहे हे कळणार कसं? गावात अपघात लपत नाही, दाव्याची रक्कम लपते. ई-कोर्ट्सच्या मोबाईल ॲपवर पक्षकाराचं नाव, वर्ष आणि न्यायालय टाकून शोधता येतं. जिल्ह्यातली न्यायालयं एकेक करून पाहा, कारण दावा कुठेही दाखल असू शकतो. सापडला की क्रमांक, पुढची तारीख आणि विमा कंपनीचं नाव कागदावर लिहून घ्या. पोटगीच्या आदेशाची नक्कल काढा. महिन्यावार थकबाकीचा तक्ता करा, मिळालेले पैसेही प्रामाणिकपणे वजा दाखवा.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना आणि बालकांना उत्पन्नाची अट न लावता सरकारी खर्चाने वकील मिळतो. राहाता न्यायालयात तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज करा, किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा. आणि लोकअदालतीची तारीख लागली असेल, तर त्या तारखेच्या आत जा. तडजोडीवर सह्या होऊन पैसे खात्यावर गेले की ते शोधण्याचं काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.