ना तेल, ना ग्लुटेन : काय खाल, काय तपासाल?

ग्लुटेन हे गहू, जव आणि राय या धान्यांतले प्रथिन. कणीक, मैदा, गव्हाचा रवा, दलिया यांतही ते असतेच. सिलिअ‍ॅक आजारात ते पूर्ण वर्ज्य.

● भाकरी : ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ यांत ग्लुटेन नसते, त्यामुळे पिठाला चिवटपणा येत नाही आणि भाकरी थापताना फाटते. उकळते पाणी घालून पीठ मळले किंवा उकड काढली, की पिठातला स्टार्च फुगतो आणि गोळा नीट बांधला जातो. भाकरी तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवायचा; तेलाची गरजच नाही.

● वाफेवरचे : तांदूळ-उडदाची इडली, कोकणातले शिरवाळे, फणसाच्या रसाचे सांदण, हळदीच्या पानातले पातोळे. साच्याला किंवा ताटलीला तेलाऐवजी ओले फडके लावा.

● डब्यातला खाऊ : ज्वारीच्या किंवा राजगिऱ्याच्या लाह्या, कुरमुरे, फुटाणे, कोरडे भाजलेले मखाणे.

● इथे फसगत होते : थालीपिठाची भाजणी आणि मेतकूट यांत बऱ्याचदा गहू असतो, सातूच्या पिठात गहू किंवा जव. डबीतल्या हिंगातही अनेकदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते.

● गिरणी : गव्हानंतर त्याच जात्यावर ज्वारी दळली, तर गव्हाचे पीठ तिच्यात उतरते. घरगुती चक्की स्वतंत्र ठेवणे उत्तम.

● लेबल : भारतात ‘ग्लुटेन-फ्री’ पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. पण अशा बिस्किटांत तेल किंवा वनस्पती तूप असू शकते. घटकांची यादीही वाचा.