पांढऱ्या नांग्यांचा क्रेफिश

दोस्तांनो, खेकडा तुम्ही पाहिलाय, कोळंबीही पाहिली असेल. आता मनातल्या मनात कोळंबीला खेकड्याच्या दोन दणकट नांग्या लावा बघू! झाला तुमचा क्रेफिश तयार. आपल्या भारतातल्या नदी-ओढ्यांत तो मुळात नाहीच. त्याला भेटायला आपल्याला थेट इंग्लंडच्या एखाद्या ओढ्यावर जावं लागेल.

तिथला मूळ रहिवासी क्रेफिश एकच. जेमतेम दहा-बारा सेंटिमीटर लांब, रंगाने तपकिरी, पण नांगी खालून पाहिली तर फिकट पांढरी. स्वारी दिवसभर दगडाखाली दडून बसते आणि रात्री खायला बाहेर पडते. कुणी अंगावर आलं, की शेपटीचा फटका मारून मागच्या मागे पसार! मादी तर अंडी शेपटीखाली चिकटवून घेते आणि सबंध हिवाळा ती तशीच सांभाळते.

एके काळी हा प्राणी तिथे अगदी सर्रास सापडायचा. मग 1970च्या दशकात खाण्यासाठी पाळायला म्हणून अमेरिकेतला ‘सिग्नल क्रेफिश’ इंग्लंडमध्ये आणला गेला. तो तळ्यात थोडाच राहतोय? जमिनीवरून चालतसुद्धा जातो पठ्ठ्या! आकाराने मोठा, अंडीही जास्त. दगडाखालच्या जागा त्याने बळकावल्या.

पण खरा घात केला तो त्याच्या अंगावरच्या रोगाने. बुरशीसारख्या एका सूक्ष्म जीवामुळे हा ‘क्रेफिश प्लेग’ होतो. माणसाला त्याचा काही त्रास नाही. सिग्नललाही तो सहसा मारत नाही. पांढऱ्या नांग्यांचे क्रेफिश मात्र काही आठवड्यांत ओढाच्या ओढा मरून जातात. आणि गंमत म्हणजे (गंमत कसली, दुर्दैवच!), रोग पोहोचायला सिग्नल क्रेफिश तिथे जायलाच हवा असं नाही. गळ टाकून बसणाऱ्याचे ओले गमबूट किंवा ओली जाळी पुरते. म्हणून तिथे सामान धुऊन खडखडीत वाळवल्याशिवाय दुसऱ्या पाण्यात नेऊ नका, असं बजावून सांगतात.

2010 साली जागतिक लाल यादीत या प्राण्याची नोंद ‘धोक्यातील’ अशी झाली. म्हणजे आपल्या वाघाच्याच रांगेत!

सिग्नलला पकडून संपवावं म्हटलं, तर पिंजऱ्यात मोठे तेवढे अडकतात, पिल्लं निसटतात. मग शास्त्रज्ञांनी वेगळीच वाट धरली. नदीशी संबंध नसलेल्या, पाण्याने भरलेल्या जुन्या दगडखाणी शोधायच्या आणि उरलेले क्रेफिश तिथे नेऊन सोडायचे. तिथे पाहणीला जाणारे संशोधकही आधी आपले बूट धुतात, वाळवतात आणि मगच पाण्यात पाय घालतात.